फूट-इंचात बोला, मिलीमीटरमध्ये कापा

मी फर्निचरसाठी मापं घेते आणि त्यावरून ड्रॉइंग करते. ज्यांना कपाट हवंय ते म्हणतात, "सव्वाचार फुटांचं बसेल ना?" सुतारकाम करणारे मिस्त्री टेप लावून सांगतात, "एक्कावन्न आणि पाच सूत," म्हणजे ५१ इंच आणि वर इंचाचे पाच आठवे भाग. आणि पॅनल कापणाऱ्या मशीनला फक्त मिलीमीटर कळतात. भिंत एकच, भाषा तीन. यातलं कुणी अडाणी नाही आणि कुणी फार शहाणंही नाही, पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना आकडे गळतात. ते गळू नयेत म्हणून मी जे करते ते इथे लिहिते आहे. घरात पडदे, टाइल्स, टीव्हीचं युनिट असलं काहीही करून घेणार असाल तरी उपयोगी पडेल.

आधी विचारा: कापणार कोण?

टेप बाहेर काढायच्या आधी हा प्रश्न. जो कापणार, त्याचं माप. मशीनवर कापणार असतील तर मिलीमीटर. मिस्त्री जागेवर बसून हातकरवतीने कापणार असतील आणि त्यांचा हात इंचावर बसलेला असेल तर इंच-सूत. कुठलं माप श्रेष्ठ हा वाद चहाच्या वेळेसाठी ठेवा.

एकदा ठरलं की सरळ त्याच मापात वाचायचं. टेपवर दोन्ही बाजू छापलेल्या असतात, मग इंचात वाचून कॅल्क्युलेटरवर मिलीमीटर करायचं कारणच काय? तरी बहुतेक जण तेच करतात, कारण डोळा सवयीने वरच्या बाजूला जातो.

"काका, तुम्ही तुमचं सांगा, मी खालची बाजू वाचते."
"ताई, एक्कावन्न पाच सूत."
"माझं १३११."

दोघांची बेरीज-वजाबाकी नको, नुसती खात्री. १ इंच म्हणजे ८ सूत, म्हणजे १ सूत ३.१७५ मिलीमीटर. ५१ इंच ५ सूत बरोबर १३११.२७५ होतात. जुळलं. हे दुहेरी वाचन मला फार आवडतं, कारण एकाने चुकीची रेघ वाचली असेल तर तिथल्या तिथे उघडकीला येतं. दोघांनीही मिलीमीटरच वाचले असते तर कदाचित दोघांनी मिळून तीच चूक केली असती.

आता हेच माप कुणी "१ इंच म्हणजे २५ मिमी" धरून केलं, तर उत्तर येतं १२९०.६. वीस मिलीमीटरची फट. आणि "१ फूट म्हणजे ३००" धरणारेही भेटतात. ४ फुटांना त्यांचे १२०० होतात, खरे १२१९.२. अंदाजाला ३०० चा फूट उत्तम आहे, मीही बोलताना तोच वापरते. कापायला नाही.

तीन कप्पे करून बघा

मिलीमीटरची बाजू घ्यावी असं मी म्हणते ते तत्त्व म्हणून नाही. त्याच १३११ च्या आतल्या रुंदीत तीन सारखे कप्पे करायचे आहेत. मध्ये १८ मिमी प्लायच्या दोन उभ्या फळ्या. १३११ मधून ३६ गेले, १२७५ उरले, भागिले ३, कप्पा ४२५ चा. कागदाच्या कोपऱ्यात होतं.

आता ते इंचात करा. १८ मिमी म्हणजे साडेपाच आणि पावणेसहा सुतांच्या मध्ये कुठेतरी. त्याची दुप्पट ५१ इंच ५ सुतांतून वजा करायची, मग तिनाने भागायचं. जमतं, मुरलेले मिस्त्री तोंडी करतात, पण त्यात दरवेळी "जरा कमी" आणि "सुताला मार" असे शेरे जोडावे लागतात.

उलट बाजूही खरी आहे. काहीही अर्धं करायचं असेल, मग त्याचंही अर्धं, तर इंचासारखी सोय नाही. अर्धा, पाव, सूत, अर्धं सूत, सगळं टेपवर आखलेलं असतं. फूट तर १२ इंचांचा असल्याने तिनाने, चाराने, सहाने निमूट भागला जातो. ज्यांनी आयुष्यभर दोरी दुमडून मध्य काढला त्यांना दशांश परका वाटला तर नवल नाही. नुकतेच कॉलेजातून आलेले काही जण सूत हा शब्द ऐकून हसतात. त्यांना मी एकच सांगते: काकांना विचारून बघा, फळी नुसती बघून ती सुताने कमी आहे का ते सांगतील. तुम्हाला तीन मिलीमीटर नजरेने कळतात का?

सेंटीमीटर घरी ठेवा

हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. शाळेत, कपड्यांच्या मापाला, उंचीला सेंटीमीटर ठीक. कामाच्या जागी नको. कारण साधं. मिलीमीटरमध्ये लिहिलं की दशांश चिन्ह लागतच नाही. १३११ म्हणजे १३११. सेंटीमीटरमध्ये तेच १३१.१ होतं आणि तो टिंब कागदावरच्या धुळीत कुठे जाईल सांगता येत नाही. शिवाय कागदावर नुसतं "१२०" दिसलं तर ते १२० मिमीचा ड्रॉवर की १२० सेंमीचं टेबल? ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "सर्व मापे मिमीमध्ये" एवढं एकदा लिहिलं की ही भानगड संपते. बांधकामाच्या नकाशांवर मिलीमीटरच वापरायची पद्धत आहे ती उगाच नाही.

फुटांच्या बाबतीत याहून मोठा सापळा म्हणजे टिंब देऊन लिहिलेले फूट-इंच. खोली "१०.६ बाय १२.३" असं लिहून येतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं १० फूट ६ इंच आणि १२ फूट ३ इंच. कॅल्क्युलेटर मात्र ते दशांश समजतो आणि १३०.३८ चौरस फूट सांगतो. खरं क्षेत्रफळ १०.५ गुणिले १२.२५, म्हणजे १२८.६. लहान खोलीत फरक थोडा, पण सात खोल्यांच्या टाइल्स मागवताना तो खिशाला कळतो. आणि ५.१० आणि ५.१ यांत कॅल्क्युलेटरला काहीच फरक दिसत नाही, माणसांत मात्र तो नऊ इंचांचा असतो! फूट-इंच लिहायचेच असतील तर "१० फूट ६ इंच" असं अक्षरांत लिहा किंवा खुणा करा. टिंब नको.

नाव एक, माप दुसरं

बाजारात काही मापं ही मापं नसून नावं आहेत. ती बदलायला जाऊ नका, फक्त त्यांच्या आत काय आहे ते माहीत असू द्या.

"दोन बाय दोन"ची टाइल बहुधा ६०० मिमीची असते. दोन फूट म्हणजे ६०९.६. एका टाइलला साडेनऊ मिलीमीटर, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १० फुटांच्या खोलीत, म्हणजे ३०४८ मध्ये, पाच टाइल्स बसवल्या की ३००० होतात आणि सांधे धरूनही भिंतीकडेला चाळीसेक मिलीमीटरची चिंधी उरते. ती दिसायला फार वाईट. म्हणून खोली मिलीमीटरमध्ये मोजून आधीच ठरवायचं: कापलेल्या टाइल्स दोन्ही कडांना सारख्या वाटून घ्यायच्या की एका बाजूला कपाटाखाली लपवायच्या.

प्लायची गंमत अशी की एकाच वस्तूला लोक दोन भाषा लावतात. "आठ बाय चारचा अठरा एमएम." लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलीमीटरमध्ये, आणि कुणालाही त्यात विसंगत वाटत नाही. हा बोर्ड साधारणपणे २४४० बाय १२२० चा येतो. ८ फूट काटेकोरपणे २४३८.४ होतात. गाडीच्या टायरवरही अशीच खिचडी: २०५/५५ आर १६ मध्ये २०५ ही मिलीमीटरमधली रुंदी, ५५ हे बाजूच्या उंचीचं रुंदीशी टक्क्यांतलं प्रमाण आणि १६ हा रिमचा व्यास, इंचांत. अर्ध्या इंची पोलादी पाइपाला तर टेप लावून अर्धा इंच शोधूच नका. बाहेरून तो सुमारे २१.३ मिमी भरतो.

टीव्हीचे इंच तिरके असतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. कोनाडा आखताना लागते रुंदी. नेहमीच्या १६:९ पडद्यासाठी इंचांना २२.१४ ने गुणा, मिलीमीटरमध्ये रुंदी मिळते. उंचीसाठी १२.४५. म्हणजे ५५ इंची पडदा १२१८ रुंद आणि ६८५ उंच. आता चार फुटांचा कोनाडा १२१९ चा. कागदावर बसला! प्रत्यक्षात पडद्याभोवतीची चौकट, वायर, हात घालायची जागा, काहीच बसत नाही. असल्या ठिकाणी मी दोन्ही बाजूंना किमान पन्नास मिलीमीटर मोकळे मागते आणि शक्य असेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकातलं बाहेरचं माप घेते.

डोक्यात रूपांतर करायचंच असेल तर

इंचाचे मिलीमीटर: चारने भागा, शंभरने गुणा, मग दर पाच इंचांमागे दोन मिलीमीटर वाढवा. ५० इंच, साडेबाराशे, अधिक वीस, १२७०. हे अंदाजे नाही, अचूक आहे, कारण इंच ठरलेलाच आहे २५.४ मिलीमीटरचा. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरवला आणि त्यातून इंच २५.४ वर पक्का झाला. त्याच्याही आधी, १८९३ पासूनच, अमेरिकेने आपले यार्ड आणि पाउंड मीटर-किलोग्रॅमवरून ठरवायला सुरुवात केली होती. "आमचा इंचच खरा" म्हणणाऱ्यांना मी हे हमखास सांगते. इंच कधीचाच मीटरच्या घरी भाड्याने राहतो आहे.

सुतांसाठी पाठांतर करा: २ ला ६, ३ ला ९.५, ४ ला १२.७, ५ ला १६, ६ ला १९. एवढं पुरतं.

किलोचे पाउंड करायला दुप्पट करून दहावा हिस्सा वाढवा. ७० चे १४० अधिक १४, १५४. मैलांचे किलोमीटर करायला आठने गुणून पाचने भागा. एका हेक्टरचे एकर अडीचला थोडे कमी, २.४७.

तापमानाला मात्र सांभाळून. "तीस वजा करा आणि निम्मे करा" ही युक्ती हवेसाठी चालते. तापाला लावू नका. १०२ फॅरनहाइटला ती ३६ सांगते, म्हणजे ताप नाहीच. खरे होतात ३८.९. घरात दोन जणांकडे दोन थर्मामीटर असतील तर चार जोड्या भिंतीवर लिहून ठेवा: ३७ ला ९८.६, ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला १०४.

आणि ९८.६ या आकड्याबद्दल एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकात कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टराने असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून माणसाच्या शरीराचं सर्वसाधारण तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. ३७ हा गोल आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं आणि ९८.६ झालं. आता तो दशांश बघून वाटतं, केवढं बारकाईने मोजलंय! तब्येत तीच असताना ९८.२ ला काळजी आणि ९८.६ ला समाधान, असं करणारी माणसं मी बघितली आहेत. रूपांतर केलेल्या आकड्यात जास्तीची अचूकता येत नाही, फक्त जास्तीचे अंक येतात. कुणी ३०.४८ मीटर लिहिलं असेल तर आधी विचारा, मूळ "शंभरेक फूट" तर नव्हतं ना?

आकड्याला शेपूट लावा

मापाचं नाव न लिहिता नुसता आकडा पुढे देणं ही माझ्या मते सगळ्यात घातक सवय. याचं सगळ्यात धडकी भरवणारं उदाहरण १९८३ च्या जुलैमधलं. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि हे विमान किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारं होतं. लागणार होतं २२,३०० किलो. टाकीतले लिटर मोजले गेले आणि वजन काढायला १.७७ ने गुणले. १.७७ हा आकडा चुकीचा नव्हता, इतकी वर्षं तोच वापरला जात होता. फक्त तो एका लिटरचे पाउंड सांगत होता. किलोसाठी ०.८ च्या आसपास लागतो. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं आणि ४१,००० फुटांवर असताना धोक्याचे इशारे वाजू लागले, मग थोड्याच वेळात एकामागोमाग दोन्ही इंजिनं थंड पडली. वैमानिकांनी ते तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले.

तिथे गुणाकार चुकला नव्हता. १.७७ च्या पुढे "पाउंड प्रति लिटर" हे शेपूट कुणाच्या नजरेसमोर नव्हतं. म्हणून फोनवर माप देताना, मेसेज करताना, भिंतीवर पेन्सिलने लिहिताना शेवटी मिमी, इंच, काय ते लिहाच. औषधाच्या बाबतीत तर दुप्पट काटेकोर व्हा. लहान मुलाचं वजन किलोत सांगितलंय की पाउंडांत, "एक चमचा" म्हणजे ५ मिलीलिटर की स्वयंपाकघरातला हाताला लागेल तो चमचा, हे विचारायला लाजू नका. बाटलीबरोबर येणारी मोजपट्टीची टोपी त्यासाठीच असते.

हाताखालच्या वस्तू

रूपांतरं पाठ करून माप अंगात मुरत नाही. मुरतं ते वस्तूंना हात लावून. माझ्या पर्समधलं बँकेचं कार्ड ८५.६ बाय ५४ मिमी आहे, जगात कुठेही तेच. ए-फोर कागद २१० बाय २९७. त्यात आणखी एक मजा: ए-शून्य कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलेलं आहे आणि ए-फोर हा त्याचा सोळावा हिस्सा. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक कागद बरोबर ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा. ग्रॅम हातात कसा लागतो ते कळायला याहून सोपं साधन नाही. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे किलो, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. स्वतःची वीत ताणून एकदा मिलीमीटरमध्ये मोजा आणि लक्षात ठेवा. टेप विसरलात तरी काम अडत नाही.

उंची मात्र मी अजूनही फुटांतच सांगते. १६३ सेंटीमीटर म्हटलं तर माझ्याच डोळ्यांसमोर माणूस उभा राहत नाही. यात लाज वाटायचं कारण नाही. मीटर जिथे जन्माला आला त्या फ्रान्समध्येही लोकांना तो लगेच पचला नव्हता. १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीला जुन्या नावांची, पण मेट्रिकला जोडलेली मापं परत आणावी लागली: मीटरचा तिसरा हिस्सा तो फूट, ५०० ग्रॅम तो पाउंड. शुद्ध मेट्रिकची सक्ती पुन्हा झाली ती १८४० मध्ये. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्या आजही मैलांत आहेत. विमानांची उंची बहुतेक जगात फुटांत सांगतात. तेव्हा आजोबा "पाच फूट आठ" म्हणाले तर त्यांना १७३ करून दाखवू नका. मान डोलवा आणि वहीत तुमचं लिहा.

टेपबद्दल चार शब्द

पात्याच्या टोकाचा पत्र्याचा हूक हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करणारे भेटतात. करू नका. तो त्याच्या जाडीएवढा मुद्दाम सैल ठेवलेला असतो: कडेला अडकवून ओढलं की बाहेर येतो, भिंतीला टेकवलं की आत जातो, आणि दोन्ही वेळा शून्य जागेवर राहतं. दोन भिंतींमधलं अंतर घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाज करण्यापेक्षा डबी पाठीमागे टेकवा आणि डबीवर छापलेली तिची लांबी मिळवा. ती कधी इंचात छापलेली असते, कधी मिलीमीटरमध्ये, कधी दोन्हींत. बघून मिळवा.

पात्यावर लंबगोलात रोमन दोन दिसलं तर ती दुसऱ्या वर्गाची टेप. पाच मीटरला तिला १.३ मिलीमीटर इकडेतिकडे चालतं. दोन वेगवेगळ्या टेप विरुद्ध बाजूंना चुकल्या तर अडीचच्या वर फरक पडतो, म्हणून मोजणाऱ्याची आणि कापणाऱ्याची टेप शेजारी शेजारी लांब करून एकदा ताडून घ्या.

आणि टोक झिजलेलं असेल तर जुने मिस्त्री एक इंच सोडून मोजतात, म्हणजे इंचाच्या रेघेवर कड धरायची आणि शेवटी एक वजा करायचा. मिलीमीटरच्या बाजूने तेच करताना १०० सोडा. पंचवीस सोडायला जाऊ नका, वजा करताना डोकं फिरतं. आणि सोडलेले शंभर मोठ्याने बोला, म्हणजे जो लिहून घेतोय त्याला कळेल की १४११ ऐकू आलं तरी वहीत १३११ च लिहायचे आहेत.